आजची चूक

मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून आदिलाबादच्या बसस्टँडसमोरून चालत जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायची वेळ, रसवंतीवाल्याकडे उभं राहायला सावली नाही, आणि सर मफलर, कानटोपी, पूर्ण बाह्यांचा स्वेटर अशा थाटात रस्ता ओलांडून चहाला निघालेले. कारण अगदी साधं होतं. त्यांच्या कॉम्प्युटर क्लासच्या आतल्या खोलीत एसी होता. तो मशीनसाठी होता, आणि सरांना थंडी सोसत नसे. दर वेळी काढा आणि घाला कोण करणार, म्हणून सकाळी चढवलेलं सगळं दुपारी घरी जेवायला जाईपर्यंत अंगावर. नवख्या माणसाला वाटायचं, याला ताप आहे. जुन्या लोकांना वाटायचं, हा डोक्यावर पडला आहे. सरांना दोन्ही चालायचं.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी बेल्याची, म्हणजे जवळच्याच बेला गावची. वडिलांची भाजीची वाडी होती आणि बाजारात छोटं दुकान. बी.एस्सी. झाल्यावर मी कॉम्प्युटर शिकते म्हटलं तेव्हा दादांनी, म्हणजे वडिलांनी, दोन दिवस विचार केला आणि एक अट घातली. "शिक. पन लोकायच्या तोंडी नाव येऊ देऊ नको." मी रोज सकाळच्या बसने आदिलाबादला जायला लागले.

पहिल्या दिवशी सरांनी मला मशीन दाखवलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून आम्ही वहीत प्रोग्राम लिहायचो. आतली दोन मशीनं काचेतून दिसायची, त्यांच्यावर सरांच्या बायकोने भरतकाम केलेल्या चादरी. एका मुलाने धीर करून विचारलं, "सर, हात कधी लावायचा?"

"बावा, विहिरीत उतरायच्या आधी पानी किती हाय हे पाह्यते का नाई मानूस?" सर म्हणाले. "अगोदर कागदावर चालव."

कागदावर प्रोग्राम चालवणं म्हणजे आपणच मशीन व्हायचं. एकेक ओळ वाचायची, ती सांगते तेवढंच करायचं, मनाचं काही घालायचं नाही. हे फार कठीण जायचं. माणसाला मनाचं घातल्याशिवाय राहवत नाही. सर म्हणायचे, मशीन हुशार नसतं, फक्त आज्ञाधारक असतं, आणि तीच भीतीची गोष्ट आहे. हुशार माणूस तुमची चुकीची आज्ञा ऐकून थांबेल, डोकं खाजवेल. हे थांबत नाही.

लाइट गेली की सर खूश व्हायचे. आदिलाबादमध्ये त्यांना खूश व्हायचे प्रसंग भरपूर येत. "चला, आता शिकू," असं म्हणत ते मफलर सैल करायचे.

ज्याने अजून एकही प्रोग्राम धड लिहिला नाही, तो त्यांच्या लेखी 'उमेदवार'. पहिला प्रोग्राम चालला की तो 'मुन्शीजी'. जुन्या निजामी दफ्तरातला शब्द, पण मुलगा असो की मुलगी, सर तो अगदी गंभीरपणे वापरायचे. आणि मुन्शीजी व्हायला मशीनच्या आधी एक परीक्षा पास व्हावी लागे. ती घ्यायचा समोरचा चहावाला.

चहावाला तेलुगू माणूस, शाळा दुसरीपर्यंत. प्रोग्राम लिहून झाला की वही घेऊन त्याच्याकडे जायचं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला समजावून सांगायचं. त्याला कळलं नाही तर चूक आपली. तो चहा गाळता गाळता ऐकायचा आणि शेवटी हमखास एकच प्रश्न टाकायचा, "ठीक है. और दूध खतम हुआ तो?" त्याच्या धंद्यात खरा प्रश्न तोच होता. पण आमच्या प्रोग्राममध्येही कुठे ना कुठे दूध संपायचंच. यादी रिकामी आली तर? कुणी वयाच्या जागी नाव लिहिलं तर? आम्ही मान खाली घालून परत यायचो. वर्गात तो शब्दच पडून गेला. "दूध पाह्यलं काय?" असं सर विचारायचे आणि नव्या मुलांना वाटायचं, चहा येतोय.

पण सरांची खरी ख्याती होती ती फळ्याची. क्लासच्या बाहेरच्या भिंतीवर, बसस्टँडकडे तोंड करून, एक मोठा काळा फळा होता. इतर क्लासवाले अशा जागी 'तीन महिन्यांत प्रोग्रामर व्हा' असं लिहितात. सर रोज सकाळी तिथे वर ठळक अक्षरात 'आजची चूक' असं लिहायचे आणि खाली आदल्या दिवशी स्वतः केलेली चूक.

"काल मी एका माणसाला ३१ जूनला रिटायर केले. जून तीसचा असतो हे मशीनला सांगायचे राहिले." असं काहीतरी.

फळ्याला सुतळीने खडू बांधलेला असायचा. ज्याला वाटेल त्याने खाली लिहावं. बसची वाट पाहणारी माणसं रिकामीच असतात. त्या ३१ जूनखाली कुणीतरी लिहिलं होतं, "त्याले एक दिवस जास्त भेटला. तक्रार कोनाची?" कुणी तेलुगूत लिहायचं, कुणी उर्दूत, कुणी नुसतंच 'शाबास'. एकदा खाली स्वच्छ शाळेच्या अक्षरात ओळ आली, "घरचा नळ चालू ठेवून आलात, ती चूक लिहिलेली नाही." ती त्यांच्या बायकोची होती. त्या शाळेत शिक्षिका होत्या आणि शाळेची वाट तिथूनच जायची. सरांनी ती ओळ तीन दिवस पुसली नाही.

फळ्याचा एकच नियम होता. चूक स्वतःचीच लिहायची. "दुसऱ्याची लिहाची असन तर गावात भिंती लय हायेत," सर म्हणायचे.

मी एकदा विचारलं, "पण सर, असं चारचौघात काऊन लिहिता? लोक म्हणतील याले काही येत नाही."

"म्हनू दे ना. पन मी लिवलं का थे चूक माह्या डोक्यातून निंगून जाते. लपवली का तिथंच राह्यते, अन् मंग तिले पिल्लं होतात."

याआधी ते मंचेरियलला एका मोठ्या दफ्तरात कारकून होते. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे सगळे लांब राहिले, आणि हे इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी घेऊन त्याच्यासमोर बसले ते उठलेच नाहीत. ती नोकरी का सोडली हे विचारलं की दर वेळी निराळं कारण मिळायचं. एकदा म्हणाले तिथला चहा बेकार होता. एकदा म्हणाले खुर्ची उंच होती, पाय टेकायचे नाहीत. एकदा मात्र म्हणाले, "मी एकटाच होतो, बावा. माह्या प्रोग्रामले कोनी चूक म्हननारंच नव्हतं." मला वाटतं खरं कारण ते असावं.

त्यांचं पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकते. नव्वदचं दशक संपता संपता गल्लोगल्ली क्लास निघाले. दोन हजार साल येणार आणि सगळी मशीनं बंद पडणार असा बोभाटा झाला, तेव्हा लोक सरांना रस्त्यात अडवून विचारायचे की आमचं घड्याळ चालेल ना. सरांनी आठवडाभर फळ्यावर समजावून सांगितलं. मग एक दिवस दोन्ही मशीनं चादरींसकट एका सरकारी शाळेला देऊन टाकली आणि स्वतःही तिथेच शिकवायला जायला लागले. मी तोवर पुण्याला नोकरीला लागले होते. फोनवर त्यांना सांगितलं, "सर, अमेरिकेत आता लोक इंटरनेटवर रोज आपलं लिहितात. आज काय केलं, काय चुकलं. आणि वाचणारे खाली उत्तर लिहितात."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग सर म्हणाले, "त्याईच्या इकडे बसस्टँड नसन."

आता जे सांगायचं ते शिबिराचं.

मी मुन्शीजी होऊन सहा महिने झाले असतील. आदिलाबादमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं मोफत शिबिर ठरलं. नागपूरचे डॉक्टर येणार होते. खटपट करणारे एक निवृत्त डॉक्टर होते, सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी वह्यांमध्ये नावं लिहून आणली होती. त्या वह्या घेऊन डॉक्टरसाहेब सरांकडे आले. "मास्तर, गाववार फेहरिस्त, यादी पाहिजे, आणि प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी. कोणत्या दिवशी यायचं ते चिठ्ठीवर. काही नावं दोन वह्यांत आली असतील, तेवढी काढून टाका."

सरांनी काम मला दिलं. मी हरखून गेले. पाचशेच्या वर नावं मी चार दिवसांत टाइप केली. वह्यांमध्ये नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव आणि वय. आडनावाची जागा बहुतेक रिकामी. वय सगळ्यांचंच साठ. म्हातारं माणूस दिसलं की साठ, असा हिशेब असावा. मी एक छोटी ओळ लिहिली: नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव सारखं दिसलं, की दुसरं काढून टाक. ओळ इतकी नेटकी जमली की मी ती दोनदा वाचली, खुशीने. चहावाल्याकडे गेले नाही. चिठ्ठ्यांची घाई होती, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं आता काय त्याला विचारायचं. सर त्या आठवड्यात तापाने घरी होते. चिठ्ठ्या छापल्या, फाडल्या, गावोगाव गेल्या.

शिबिराला तीन दिवस राहिले असताना सकाळी साडेदहाला दोन म्हाताऱ्या क्लासच्या दारात उभ्या राहिल्या. एक उंच, एक बुटकी. दोघी एकाच चिठ्ठीची दोन टोकं धरून.

"मास्तर कोन हाय इथं?" उंच म्हणाली.

"मी," सर म्हणाले. आदल्या दिवशीच ते कामावर आले होते.

"आमी नार्नूरकडून आलो. डाक्तरनं तुह्याकडे धाडलं. आमच्यातली जनाबाई मारोती कोनती, थे सांग."

"चिठ्ठी माह्यी हाय," बुटकी म्हणाली. "म्या नाव आधी लिवलं."

"लबाड बोलते हे. दोघी संगंच गेलतो."

सरांनी चिठ्ठी वाचली. "तुमी दोघीबी जनाबाई? अन् दोघींच्या मालकाचं नाव मारोती?"

"मंग? गावात सात मारोती हायेत," उंच म्हणाली. "देवळातला धरून आठ."

सरांनी कानटोपी काढली. वर्गात कानटोपी काढलेले सर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी दोघींना बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि मला म्हणाले, "प्रोग्राम कागदावर काढ."

मी काढला. ते बोटाने एकेक ओळ वाचत खाली आले आणि बोट थांबलं.

"हे ओळ कोनाची?"

"माझी."

त्यांनी गावांच्या वह्या मागवल्या. रागावले असते तर बरं झालं असतं. मूळ नावं आणि छापलेली यादी यांची तुलना केली तेव्हा एकतीस नावं गळलेली निघाली. त्यातली खरोखर दोनदा लिहिलेली किती आणि खरी माणसं किती, हे कळायला मार्ग नव्हता. मी म्हटलं, "मशीनवरून काढता येईल का काही?"

"मशीनले काय ठाऊक? गावाले ठाऊक."

आणि गावं पसरलेली. इकडे नार्नूर, तिकडे बेला, मध्ये कितीतरी वाड्या. हाती तीन दिवस. सर उठले, बाहेर गेले आणि त्या दिवशीची चूक पुसून नवी लिहिली. "शिबिराच्या यादीतून एकतीस नावे गळाली. छापायच्या आधी मी यादी तपासली नाही. खालच्या नावाची दोन माणसे तुमच्या गावात असतील तर दोघांनाही पाठवा. चिठ्ठी लागणार नाही." एकतीस नावं फळ्यावर मावेनात, म्हणून प्रिंटरचा लांब कागद फळ्याच्या खाली चिकटवला, तो पार ओट्यापर्यंत आला. मग सर आत येऊन मशीनसमोर बसले.

मी बाहेर फळ्यासमोर उभी. त्यांनी लिहिलेलं खरं होतं, पण अर्धंच होतं. ती ओळ माझी होती, आणि नियमाप्रमाणे ती दुसरं कुणी लिहू शकत नव्हतं. सुतळीचा खडू लोंबत होता. समोर बेल्याची बस लागलेली, तिच्यात निम्मी माणसं ओळखीची. दादांची अट आठवत होती. मी खडू घेतला. पहिलं अक्षर पुसट उमटलं, ते पुन्हा गिरवलं. "नाव एक असले की माणूस एकच असतो असे मी धरले. ती ओळ माझी." आणि खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

तासाभरात डॉक्टरसाहेब आले. चेहरा लाल. "मास्तर, हे काय चारचौघात? उद्या पाहुणे येणार आहेत, देणगीदार येणार आहेत. पुसा हे."

"पुसतो," सर म्हणाले. "मंग या एकतीस जनायले सांगाले तुमी जाता का?"

डॉक्टरसाहेब फळ्याकडे वळले. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग सुतळीचा खडू ओढला. मी डोळे मिटले. उघडून पाहते तर त्यांनी कागदावरच्या एका गावाचं नाव खोडून बरोबर लिहिलं होतं. "या गावाला 'नूर' नाही, 'पूर' आहे," ते पुटपुटले. "नाहीतर भलतीकडेच निरोप जाईल."

त्या दिवशी बसस्टँडवर मी जे पाहिलं ते विसरणार नाही. नार्नूरच्या गाडीच्या कंडक्टरने आपल्या वाटेवरच्या गावांची नावं तळहातावर उतरवून घेतली. चहावाल्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला गाव विचारायला सुरुवात केली आणि गाव यादीतलं निघालं की चहा देण्याआधी त्याला फळ्यासमोर नेऊन उभं करायचा. मोटरसायकलवाले थांबायचे, वाचायचे, मान हलवून निघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच बसमध्ये दादा चढले. कुणीतरी सांगितलं होतंच. उतरल्यावर सरळ फळ्यासमोर गेले आणि हात मागे बांधून वाचत राहिले. सर बाहेर आले, मफलरसकट.

"पोरीचं नाव म्या लिवलं नाई," सर म्हणाले. "लिव असंबी सांगतलं नव्हतं. थे तिनंच लिवलं."

दादांचं बोट यादीवरून खाली सरकत होतं. एका नावाशी थांबलं. "शंकर नारायण," ते म्हणाले. "हे आमच्याकडे दोन हायेत. एक पेटी वाजोते अन् एकाचा पाय अधू हाय. दिसत दोघायलेबी नाई." त्यांनी धोतराचा सोगा खोचला. "पेटीवाल्याले चिठ्ठी भेटली असन. दुसऱ्याले मी जाऊन सांगतो." आणि आलेल्या बसनेच परत फिरले. पुढच्या सकाळी मी चुलीशी रेंगाळत होते, जावं की नाही असं मनात चाललेलं, तर दादा अंगणातून ओरडले, "काऊन बसून राह्यली? गाडी चुकन नं तुही."

एकतीसपैकी एकोणीस खरी माणसं निघाली. सतरा शिबिराला आली. एक म्हातारा लेकीकडे लांब गेला होता, एक जण सुईला भ्याला. नागपूरच्या डॉक्टरांनी न कुरकुरता एक दिवस मुक्काम वाढवला.

दहा-बारा दिवसांनी दोघी जनाबाई पुन्हा क्लासच्या दारात. दोघींच्या एकेका डोळ्यावर हिरवी पट्टी, एकीच्या डाव्या, एकीच्या उजव्या. डोळा दाखवायला आल्या होत्या, आणि आणखी एक काम होतं.

"मास्तर," उंच जनाबाई म्हणाली, "ज्यानं आमाले एक केलं, थे मशीन दाखव."

सरांनी चादर काढली. दोघी वाकून बघत राहिल्या. "एवढुसं?" बुटकी म्हणाली. तिला फसवल्यासारखं वाटलं असावं.

"आजी, याचंबी ऐका," सर म्हणाले. "तुमी एका नावाच्या, एका गावच्या, वय दोघींचं साठ. मंग यानं वळखावं कसं?"

"इचारावं ना बापा," उंच जनाबाई म्हणाली. "आमी काय मुक्या हाओ?"

सरांनी मशीनसमोरची खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मला म्हणाले, "ऐकलं काय, मुन्शीजी? बसा. आता लिवा."

मी बसले. ती नेटकी ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी चार ओबडधोबड ओळी लिहिल्या. आता सारखं नाव आलं की मशीन काही काढणार नव्हतं. थांबणार होतं आणि विचारणार होतं, ही एक की दोन? दोघी माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून, थंडीने पदर आवळून, सगळं बघत होत्या. यादी सुरू केली. नार्नूरकडचं गाव आलं आणि पडदा थांबला.

"काय म्हनते थे?" बुटकीने विचारलं.

"विचारतंय, जनाबाई मारोती एक की दोन."

मी खुर्चीवरून उठले आणि उंच जनाबाईला बसवलं. तिने हिरवी पट्टी जराशी वर उचलली आणि नवा डोळा बारीक करून सगळी बटणं न्याहाळली.

"दोन कोनतं हाय?"

मी दाखवलं. तिने एक बोट उचललं, शेजारणीकडे एकदा पाहिलं आणि बटण असं दाबलं की टेबल हललं.